सांध्यातील अग्निकर्म

दुर्बिणीतून सांध्याचे ऑपरेशन ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, गुडघ्यातील फाटलेली गादी किंवा खांद्यातील तुटलेला स्नायुबंध दोन-तीन छिद्रांतून दुरुस्त करून घेतलेला रोगी एक-दोन दिवसांत आपल्या पायांनी घरी येतो, आणि आपल्या सांध्याच्या पोकळीत काही काळ विजेने तापणारी एक शलाका फिरून गेली, याची बहुधा त्याला वार्ताही नसते. अग्नी हाती धरण्याची विद्या वैद्याला फार प्राचीन काळी साधली. त्या अग्नीचा चोख हिशेब ठेवण्याची विद्या मात्र त्याला अगदी अलीकडे, आणि तीही काही रोग्यांची हानी झाल्यानंतर, अवगत झाली.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय सर्वस्वी अग्निकर्माला वाहिलेला आहे. त्वचेच्या दहनासाठी पिंपळी, शेळीच्या लेंड्या, गाईचा दात, शर आणि शलाका; मांसासाठी जांभळाच्या आकाराचे जांबवौष्ठ आणि इतर धातू; आणि शिरा, स्नायू, संधी व अस्थी यांच्या विकारांत तापवलेला मध, गूळ आणि स्नेह, असा साधनांचा तपशीलवार बंदोबस्त त्यात आढळतो. याहून लक्षणीय अशी गोष्ट की, दाहाच्या प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध अशा चार अवस्था सांगून, संधी आणि अस्थी यांचे दहन योग्य झाले म्हणजे तेथे रूक्षता, आरक्तता आणि व्रणाचा कठीण, खरखरीत पोत दिसतो, अशी खूणही आचार्यांनी नोंदवून ठेवली. उष्णतामापक यंत्र नसलेल्या त्या काळात वैद्याचा डोळा हेच मापक होते, आणि दहन शरीराच्या बाहेरच्या अंगावर होत असल्यामुळे ते मापक पुरेसेही पडत असे. दुखऱ्या सांध्यावर तापलेल्या सुईने बिब्ब्याचा चटका देणाऱ्या आपल्याकडील खेड्यांतील जाणत्या म्हाताऱ्यांचाही सारा भरवसा त्याच डोळ्यावर होता.

ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात वारंवार निखळणाऱ्या खांद्याचा इलाज सांगितला आहे, तो तर आजच्या शस्त्रवैद्यानेही चिंतन करावे असा आहे. काखेतील त्वचेची घडी चिमटीत धरून तिच्यातून तापलेली लोखंडी सळई पार करावी, म्हणजे तेथे जो व्रण धरेल त्याच्या आकुंचनाने खांद्याचे डोके खाली सरकण्याची वाट बंद होईल, असा तो उपाय होता. त्याबरोबर दोन ताकिदी होत्या. सळई जाड नसावी, आणि ती इतकी लाल झालेली असावी की क्षणात आरपार जावी, ही एक; आणि हात खोल जाऊ देऊ नये, कारण तेथील ग्रंथींच्या निकट अत्यंत महत्त्वाचे मज्जातंतू आहेत, ही दुसरी. भलत्याच जागी डाग देऊन सांधा अधिकच बिघडवणाऱ्या वैद्यांचाही त्या ग्रंथकाराने कडक शब्दांत समाचार घेतला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सांध्याच्या आत डोकावण्याचे युग सुरू झाले. १९१२ मध्ये बर्लिन येथील शस्त्रवैद्यांच्या परिषदेत सेवेरिन नोर्डेनटोफ्ट या डॅनिश वैद्याने गुडघ्याच्या आतील दर्शनाचा विषय मांडला. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृत देहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. आणि १९२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्शर यांनी याच स्वरूपाचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. क्षयाने गुडघा आखडला म्हणजे ज्या समाजाचे बसणे-उठणे, जेवणखाण आणि वंदन जमिनीवरच चालते त्या समाजात मनुष्य किती परावलंबी होतो, हे ताकागींनी पाहिले होते, आणि व्याधी वेळीच ओळखण्याच्या तळमळीतूनच त्यांचा हा उद्योग उद्भवला होता. बिर्शर यांनी पोकळी फुगवण्यासाठी वायूचा उपयोग केला, तर जपानी परंपरा मिठाच्या पाण्याकडे वळली; आणि या कथेत पुढे जे काही घडले त्याचे मूळ या पाण्याच्या निवडीत आहे.

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केलेली एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण जगभर मान्यता पावली. तिच्याच साहाय्याने त्यांनी १९६२ मध्ये गुडघ्यातील गादीचा फाटलेला भाग छिद्रातून काढला, आणि १९६४ मध्ये टोकियोला आलेले रॉबर्ट जॅक्सन ही विद्या शिकून कॅनडात घेऊन गेले. परंतु त्या दुर्बिणीच्या टोकाशी एक इवलासा विजेचा दिवा जळत असे, म्हणजे तापणारी आणि फुटू शकणारी काच प्रत्यक्ष सांध्याच्या आत नांदत असे. काचतंतूंच्या द्वारा प्रकाश दुरून आणण्याची युक्ती निघाल्यावर दिवा सांध्याबाहेरच्या पेटीत गेला आणि 'थंड प्रकाश' हे नाव रूढ झाले. तथापि त्या प्रकाशवाहिनीचे मोकळे टोक रोग्यावर पांघरलेल्या चादरीवर क्षणभर विसरले तर चादर करपते आणि खालची त्वचा भाजते, हे शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांना आजही नव्याने शिकवावे लागते. एका जागेतून हद्दपार केलेली उष्णता दुसऱ्या जागी रुजू झाली, एवढेच काय ते घडले.

विजेची कथा याला समांतर चालली होती. विद्युत्प्रवाहाची दिशा सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा पालटली तर स्नायूंना झटका बसत नाही, हे द'आर्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ च्या सुमारास दाखवले, आणि १९२६ मध्ये बॉस्टन येथे हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवला. सांध्यात मात्र हे यंत्र अडखळले. कारण मिठाचे पाणी विजेचे वाहक, त्यामुळे एकध्रुवी शलाकेचा प्रवाह पाण्यातच विखुरला जाई. म्हणून काही काळ मीठविरहित द्रवांचा अवलंब करावा लागला. पुढे १९९० च्या दशकात फिलिप एगर्स आणि हिरा थपलियाल यांनी दोन्ही ध्रुव शलाकेच्या टोकापाशीच आणून ही अडचण उलटवली, आणि जे मीठ अडथळा होते त्यालाच साधन केले: टोकाभोवती बाष्पाचा पातळ थर तयार होतो, त्यात विद्युत् ठिणगते आणि स्पर्शातील ऊती विरघळून जाते. शलाका सोईची आणि चपळ होती. पडद्यावर बुडबुडे उठताना आणि लोंबणारे तंतू नाहीसे होताना दिसत, आणि शस्त्रवैद्याला आपले काम नेटके झाल्याचे समाधान मिळे.

याच दशकात हिपॉक्रेटिसचा उपाय नव्या वेषात परतला. ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास कोलॅजनचे तंतू आखडतात, या ज्ञानाच्या आधारे, सैल खांद्याची पिशवी प्रथम लेझरने आणि नंतर विद्युत्-शलाकेने तापवून आवळण्याची टूम निघाली आणि झपाट्याने पसरली. पडद्यावर पिशवी डोळ्यांदेखत आकसे. परंतु तापलेली ऊती प्रारंभी दुबळी पडते आणि पूर्ववत बळकट व्हायला तिला कित्येक आठवडे लागतात, ही गोष्ट त्या दृश्यात दिसत नसे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकतृतीयांशाहून अधिक खांद्यांचा निष्कर्ष असमाधानकारक निघाला. कोठे पिशवीचाच क्षय झाला, कोठे तिच्या खालून जाणारा काखेतील मज्जातंतू दुखावला, म्हणजे हिपॉक्रेटिसची दुसरी ताकीद अक्षरशः खरी ठरली. आणि काही तरुण रोग्यांच्या खांद्यातील कूर्चा पार झिजून गेली. अर्थात या शेवटच्या हानीचा सारा दोष शलाकेच्या माथी मारता येत नाही. कारण त्याच काळात सांध्यात वेदनाशामक औषध सतत सोडणाऱ्या पंपांचाही प्रघात होता, आणि त्यांच्यावरही हाच आरोप सप्रमाण आलेला आहे.

हिपॉक्रेटिसच्या पहिल्या ताकिदीचे रहस्य, म्हणजे सळई लालबुंद असावी आणि क्षणात पार व्हावी याचे कारण, १९४७ मध्येच उलगडले होते. हार्वर्डमधील मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या व मनुष्यांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की, ४४ अंशांना त्वचा जळायला सुमारे सहा तास लागतात, तर ६० अंशांना सुमारे पाच सेकंद पुरतात. म्हणजे अंशांइतकीच काळाचीही मोजदाद केली पाहिजे. हाडाच्या बाबतीत ४७ अंश एक मिनिट टिकले तरी इजा होते, असे १९८३ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले. क्षणिक प्रखर तापाची झळ दूरवर पोहोचायला अवकाश मिळत नाही, मंद ताप मात्र रेंगाळत खोल शिरतो. आणि मंद तापाला सौम्य समजणे, हीच १९९० च्या दशकाची चूक होती.

आता पुन्हा त्या पाण्याकडे वळावे लागते. सांध्यात वाहणारे पाणी शलाकेची उष्णता शोषून बाहेर नेते, तोवर ते रक्षक असते. परंतु निचरा बंद असेल आणि शलाका अखंड चालू राहील, तर तेच पाणी लहानशा खांद्यात तापते आणि पडद्यावर काहीही न दाखवता कूर्चेच्या पेशींना मारू लागते. छिद्रातून गळणाऱ्या अशा गरम पाण्याने रोग्याची त्वचा भाजल्याच्याही नोंदी वैद्यकीय दप्तरात आहेत. यास्तव आज शहाणा शस्त्रवैद्य शलाका थोड्या-थोड्या काळाच्या टप्प्यांनी चालवतो, निचऱ्याची वाट मोकळी ठेवतो, शोषणाची नळी जोडतो आणि कूर्चेला टोक टेकू देत नाही. काही शलाकांत पाण्याचे तापमान सांगणारा संवेदकही बसवलेला असतो. पण तो कळवतो ते स्वतःपाशी आलेल्या पाण्याचे तापमान, टोकाखालच्या ऊतीचे नव्हे. तेवढा फरक ध्यानात ठेवून निचरा आणि घड्याळ यांच्यावर आपले लक्ष ठेवणे, हे काम कोणत्याही यंत्राकडे सोपवता आलेले नाही. आणि सुश्रुताने ज्याला सम्यग्दग्ध म्हटले, त्याची मर्यादा ठरवण्याची जबाबदारी अडीच हजार वर्षांपूर्वी जिच्यावर होती त्या व्यक्तीवरच, म्हणजे शलाका हाती धरणाऱ्यावरच, अद्याप कायम आहे.