शाळगाव : साडेसहाच्या आधी

सुमारे ४० वर्षे आधी. भोपाळ, २ डिसेंबर १९८४. रात्री १०:२० ला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत दाब होता दर चौरस इंचाला २ पौंड. ११ वाजता १०. साडेअकराला कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. साडेबारानंतर काटा ५५ वर जाऊन टेकला आणि विषारी मिथाइल आयसोसायनेट वस्त्यांवर पसरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. मला मात्र सगळ्यात जास्त छळतो तो त्यानंतरचा तास. हमीदिया रुग्णालयात माणसं लोटत होती आणि आपण कोणत्या वायूवर उपचार करतोय हे डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं.

३८ वर्षे आधी. स्वित्झर्लंडमधलं बाझेल, १ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्रीनंतर सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईनमध्ये गेली, नदी लाल झाली. खालच्या अंगाला फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स. नदीला कुठली सीमा? १९९२ मध्ये हेलसिंकीत युरोपीय देशांनी करार केला : अपघाताचा धोका सीमेपलीकडे जाणार असेल, तर त्याची माहितीही पलीकडे गेली पाहिजे.

२८ वर्षे आधी. भारताने १९९६ चे रासायनिक अपघात नियम केले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट, त्याची दर ४५ दिवसांनी बैठक. कागदावर चांगलीच व्यवस्था आहे. पण तिचा मुख्य रोख मोठ्या साठ्यांवर, टनांत मोजलेल्या मर्यादेवर. रिॲक्टरपासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या बाईला त्या मर्यादेने काय फरक पडतो?

१६ वर्षे आधी. ६ जून २००८ रोजी मोठे औद्योगिक अपघात रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १७४ क्रमांकाच्या करारावर भारताने शिक्कामोर्तब केलं. कामगाराला रसायनाचं नाव आणि धोका कळण्याचा हक्क देणारा १९९० चा १७० क्रमांकाचा करार मात्र आपण अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारायला हवा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

साडेचोवीस तास आधी. २० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी ६. विधानसभेचं मतदान संपलं. सांगली-साताऱ्यात सगळीकडे एकच चर्चा, कोण येणार.

अर्धा तास आधी. गुरुवार, २१ नोव्हेंबर. कडेगाव तालुक्यात दिवस मावळला होता. शाळगाव एमआयडीसीतल्या खत कारखान्यात कामावरची माणसं आतच होती.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास रिॲक्टरचा स्फोट झाला. वायू बाहेर पडला, डोळे जळू लागले, माणसं गुदमरली. बाराएक जणांना बाधा झाली. दोन महिला कामगार आणि एक सुरक्षारक्षक दगावले. बाकीच्यांना दवाखान्यात हलवलं, त्यातले बहुतेक कऱ्हाडला. म्हणजे अपघात सांगली जिल्ह्यात आणि उपचार सातारा जिल्ह्यात.

त्या रात्री पोलिसांकडून आलेली माहिती होती : वायू अमोनिया असावा, असा संशय आहे.

संशय! नावावर सगळं अवलंबून असतं. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण दमट हवेत त्याचं धुकं जमिनीलगत रेंगाळतं. तो पाण्यात विरघळतो, म्हणून डोळे निदान पंधरा मिनिटं धुवायचे, नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं, वाऱ्याला आडवं निघायचं. क्लोरीन जड, तो खोलगट भागात साठतो, तिथे उंचावर जायचं. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की त्याचा वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असं समजणारा मरतो.

प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, प्रथमोपचारांसकट. जगभर त्याचा नमुना एकच, सोळा कलमी. ते मराठीत फाटकावर लागायला हवं. एक प्रत कडेगावच्या सरकारी दवाखान्यात, एक कऱ्हाडच्या अतिदक्षता विभागात, आणि एक रुग्णाबरोबर रुग्णवाहिकेत. सांगलीच्या आपत्ती आराखड्यात कऱ्हाडच्या डॉक्टरांचे फोन नंबर असायला हवेत आणि जिल्हा संकट गटाच्या पुढच्या बैठकीला साताऱ्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना बोलावणं जायला हवं.