चिपचं गुपित आणि शराटीच्या नावाची फाइल

मी मूळची कंधारची, बीटेक करून सध्या सॉफ्टवेअर इंजिनियर. आजचा भाग एका फाइल फॉरमॅटच्या इतिहासावर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! तुम्ही ज्या फोनवर हे ऐकताय ना, तो बनवताना अशाच फायलींवर भरवसा ठेवावा लागतो.

आधी इंटरकनेक्ट म्हणजे काय ते बघू. एका चिपपासून दुसऱ्या चिपपर्यंतची वाट, बस्स. बोर्डवरची तांब्याची रेघ, कनेक्टर, केबल, सगळं त्यात आलं. ही वाट दिसायला साधी वायर, पण वेग वाढला की ती वायरसारखी वागत नाही. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात खडा टाकून बघा. लाट भिंतीपर्यंत जाते, आपटते आणि माघारी येते. सिग्नलचंही तसंच होतं. बोर्डवर तो एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. वाट जिथं अचानक बदलते तिथून त्याचा काही भाग परत फिरतो. ही परतलेली लाट पुढच्या बिटमध्ये मिसळली, की शून्याचा एक आणि एकाचा शून्य व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून बोर्ड बनवायच्या आधी कॉम्प्युटरवर तपासणी करतात, म्हणजे सिम्युलेशन. त्यासाठीचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर स्पाइस. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि त्यांचे प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांनी ते १९७३ साली मांडलं, आणि विद्यापीठानं ते सगळ्यांना वापरायला दिलं.

मग अडलं कुठं? स्पाइसला चिपच्या आतला एकेक ट्रान्झिस्टर सांगावा लागतो. तो सांगितला की कंपनीचं गुपित बाहेर! चिपवाले म्हणणार, "आमची रेसिपी देणार नाही." बोर्डवाले म्हणणार, "मग आम्ही तपासायचं कसं?" दोघांचंही बरोबर होतं.

१९९२ मध्ये इंटेलची पीसीआय बस आली आणि हा पेच रोजचा झाला. एकाच बोर्डवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा बसणार होत्या. इंटेलच्या पुढाकारानं इतर कंपन्या एकत्र आल्या आणि एप्रिल १९९३ मध्ये आयबिस १.० जाहीर झालं. पूर्ण नाव इनपुट-आउटपुट बफर इन्फर्मेशन स्पेसिफिकेशन. त्यातली युक्ती मला फार आवडते. आत काय आहे ते सांगूच नका. पिनवर इतके व्होल्ट असताना किती करंट वाहतो, आणि सिग्नल किती वेळात चढतो-उतरतो, एवढाच तक्ता द्या. हॉटेलवाल्यानं मसाला सांगू नये, पण तिखट किती ते खरं सांगावं, तसं.

दुसरी अडचण रूपांतराची. तोवर सिम्युलेटर तितके फॉरमॅट होते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा ताप ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का, बाहेर कळदार रुपया. सहा कळदार म्हणजे सात हाली, आणि प्रत्येक व्यवहारात हिशोब. हाली १९५९ ला कायमचा गेला. आयबिसनं मॉडेलांच्या बाजारात तेच केलं, सगळ्यांना एक नाणं दिलं. १९९५ मध्ये त्याची २.१ आवृत्ती अमेरिकेचं राष्ट्रीय मानक झाली.

फाइल साध्या मजकुराची. सुरुवातीला एका ओळीत ८० अक्षरांची मर्यादा होती, नोटपॅडमध्येही उघडावी अशी. आणि गंमत बघा, आयबिस म्हणजे तळ्याकाठी दिसणारा आपला शराटी पक्षी. म्हणून या मानकात बदल सुचवणाऱ्या कागदाचं नावच 'बर्ड' ठेवलंय!

पण आयबिसमध्ये मुख्यतः चिपची टोकं होती. मधल्या वाटेचं काय? तिथं टचस्टोन ही फाइल कामाला येते. टचस्टोन म्हणजे सोनं पारखायचा कसाचा दगड. ईईसॉफ या कंपनीच्या त्याच नावाच्या सॉफ्टवेअरची ही फाइल, १९८० च्या दशकातली. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती लाट पार गेली आणि किती परतली, याचे आकडे तिच्यात असतात. लोकांनी ती आपसूकच स्वीकारली, पण कच्चे दुवेही सोबत आले. दोन पोर्टांच्या फाइलमध्ये आकड्यांचा क्रम ११, २१, १२, २२. तीन किंवा जास्त पोर्ट असले की ओळीनं ११, १२, १३. साध्या केबलला दोन्ही दिशा सारख्याच, म्हणून चालून जातं. ॲम्प्लिफायरला मात्र उलटसुलट झालं तर सगळंच चुकतं. अखेर आयबिसवाल्यांनीच २००९ मध्ये टचस्टोन २.० आणलं आणि हा क्रम फाइलमध्येच लिहायची सोय केली. वाटेचं मॉडेल थेट आयबिसच्या मुख्य फाइलला जोडायची नीट व्यवस्था व्हायला २०१९ ची ७.० आवृत्ती यावी लागली. वायर कशी लिहायची हे ठरवायला माणसांना एवढी वर्षं लागली!

आता खटकणारी गोष्ट. २००८ च्या ५.० आवृत्तीत एएमआय नावाची मॉडेलं आली, फार वेगवान लिंकसाठी. त्यांचं मुख्य गणित कंपाइल केलेल्या फाइलमध्ये बंद असतं. चालवता येतं, वाचता येत नाही. विंडोजसाठीची फाइल लिनक्सवर चालत नाही. गुपित जपलं गेलं, पण नोटपॅडमध्ये उघडून शिकायची वाट तेवढी अरुंद झाली.

याचं आपल्याला काय? सांगते. व्यावसायिक सिम्युलेटर छोट्या गावातल्या कॉलेजला परवडत नाहीत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं म्हणूनच ईसिम उभं केलं, आधीचं नाव ऑस्कॅड. त्यात किकॅडमध्ये काढलेलं सर्किट एनजीस्पाइसच्या भाषेत बदलून तपासता येतं, फुकट. हे शक्य झालं कारण स्पाइसची लिहायची पद्धत बर्कलीनं कुलूपबंद ठेवली नव्हती. २०२३ च्या किकॅड ७ मध्ये आयबिस फायलीही वाचता यायला लागल्या, त्याही याच कारणानं: नियम उघडे होते, कुणालाही परवानगी मागावी लागली नाही.

म्हणून मला वाटतं, फॉरमॅट हा आधी माणसांमधला करार असतो. काय सांगायचं आणि काय झाकायचं, हे त्यात ठरतं. झाकायचा हक्क कंपनीला असावा. पण फाइल वाचायचे नियम सगळ्यांचे असले, तरच कंधारच्या लेकराला जुन्या लॅपटॉपवर तेच काम शिकता येईल जे बंगळुरूच्या मोठ्या ऑफिसात चालतं.

करून बघा: कुठल्याही चिप कंपनीच्या साइटवरून एक आयबिस फाइल उतरवा आणि मोबाइलवरच उघडा. काय काय दिसलं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर राम राम!