अणुबल सूक्ष्मदर्शक

* अणुबल सूक्ष्मदर्शक : गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये जगापुढे आणलेले उपकरण. यात भिंग नसते. केसाहून बारीक जाडीच्या लवचीक पट्टीच्या टोकाला काही नॅनोमीटर गोलाईची सुई असते. अंध माणसाच्या बोटासारखी ती पृष्ठभाग चाचपत जाते. पट्टी किती वाकली, हे तिच्यावरून परावर्तित झालेल्या लेसरवरून कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना सहसा सुकवावा किंवा गोठवावा लागतो. इथे मात्र पेशी द्रवात, जिवंत ठेवता येते. जीवशास्त्राला या उपकरणाचे खरे मोल त्यासाठीच.

धाराशिव जिल्ह्याचे जुने नाव मिरवणारी उस्मानाबादी शेळी घ्या. पाळीव जनावरांत शेळीच्या तांबड्या रक्तपेशी सर्वांत लहान, जेमतेम ३ ते ४ मायक्रोमीटरच्या. माणसाच्या ७ ते ८. आकार साध्या सूक्ष्मदर्शकातही कळतो. पेशीचे आवरण किती ताठ, हे मात्र दाबूनच कळणार, आणि ते ही सुई मोजते.

सुईने ओढताही येते. १९९७ मध्ये स्नायूंतल्या टायटिन प्रथिनाचा रेणू असा ओढला, तेव्हा त्याच्या घड्या साधारण १५० ते ३०० पिकोन्यूटन बलाला एकेक करून उलगडल्या. एकेका प्रथिनरेणूवरचे असे काम पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होते.

पेशीच्या आतली रचना या उपकरणाला दिसत नाही. शिवाय मऊ पेशीच्या ताठरपणाचा आकडा सुईच्या आकारानुसार आणि दाबण्याच्या वेगानुसार बदलतो. या दोन्हींची नोंद नसेल, तर वाचकांनी त्या आकड्यावर विसंबू नये. — संपा.