मालवणच्या बोटीतून न दिसलेला देवमासा

 

आमच्या नांदेड-लातूरकडून सुट्टीत गाड्या भरून लोक तारकर्ली-मालवणला जातात. लातूरला तर २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथला माणूस एवढं पाणी एकदम बघितलं की आधी गप्प होतो, मग मोबाइल काढतो. मीही काढला. सकाळची डॉल्फिनवाली बोट, लाइफ जॅकेट, आणि लांब पाण्यावर एक राखाडी पाठ. तेवढ्यात बोटीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, देवमासा कुठंय?" बोटवाले काका नुसते हसले.

सोपं उत्तर असं, की देवमासे बहुतेक वेळा खोल समुद्रात असतात, ही बोट किनाऱ्यालगत फिरते. पण अजून एक उत्तर आहे आणि ते १९६६ मध्ये सापडतं.

जगभरातले हम्पबॅक व्हेल उन्हाळ्यात ध्रुवाकडं खायला जातात आणि थंडीत उबदार पाण्यात पिलं द्यायला येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठंच जात नाहीत. पावसाळी वाऱ्यांमुळं इथं खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, मासळी वाढते, आणि त्यांचं घरातच भागतं. जनुकीय अभ्यास सांगतो की हे सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळे राहिलेत. म्हणजे हे आपले, इथलेच.

तर नोव्हेंबर १९६६. ओदेसा बंदरातून निघालेले 'स्लावा' आणि 'सोव्हेत्स्काया उक्राईना' हे सोव्हिएत ताफे अंटार्क्टिकाकडं चालले होते. वाटेत अरबी समुद्र लागला. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर त्यांनी त्या एका महिन्यात २३८ हम्पबॅक मारले. आदल्या वर्षी ४ मारले होते. निळे देवमासेही सोडले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत आपण ताश्कंदला करार केला होता, दोस्त देश होता तो. आणि आपल्या समोरच्या पाण्यात हे चाललंय याचा इथं कुणाला पत्ता नव्हता.

पत्ता लागणार तरी कसा? मी दिवसभर डेटाबेसमध्ये बसणारा माणूस, म्हणून मला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. खरे आकडे गुप्त अहवालांत आणि आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला खोटे. एकट्या दक्षिण गोलार्धात सोव्हिएत जहाजांनी ४८ हजारांवर हम्पबॅक मारले आणि ३ हजारांहूनही कमी दाखवले! आयोग त्याच आकड्यांवर कोटे ठरवत होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये, अलेक्सेय याब्लोकोव्ह यांनी हे उघडपणे सांगितलं. अरबी समुद्राचा हिशोब जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी १९९७ मध्ये छापला.

गंमत म्हणावी की काय, कळत नाही. हे व्हेल कुठं जात नाहीत याचा मोठा पुरावा त्याच कत्तलीतून मिळाला. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या पिलांची वाढ उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाशी जुळत होती, अंटार्क्टिकाच्या नाही. तिथून ते आलेले नव्हतेच.

आज ओमानच्या किनाऱ्यावर १०० पेक्षा कमी हम्पबॅक उरले असल्याचा अंदाज आहे. देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही एकच पिलू देते. तेव्हा २३८ चा खड्डा किती पिढ्यांत भरेल, गणित तुम्हीच करा.

तरी समुद्र रिकामा नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ सर्वेक्षणाच्या बोटीवरून निळे देवमासे दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानला 'लुबान' नावाच्या हम्पबॅक मादीला सॅटेलाइट टॅग लावला. नाव लोबानवरून, कारण तिच्या शेपटीवर त्या झाडासारखी खूण होती. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून डिसेंबरात गोव्यासमोर आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत उतरली, आणि मग परत ओमानकडं वळली. अरबी समुद्र असा ओलांडताना हम्पबॅकची नोंद झाली ती पहिल्यांदाच. आणि मालवणहून गोव्याची हद्द गाडीनं दोन तासांच्या आत येते.