वाद्यसंग्रहालय, ब्रुसेल्स

बेल्जियमच्या राजधानीतील वाद्यांचे संग्रहालय. स्थापना १८७७, तेथील शाही संगीत महाविद्यालयाला जोडून. संग्रहात ८,००० हून अधिक वाद्ये. दालनांत मात्र निवडकच.

संग्रहाचा पाया दुहेरी आहे. संगीतेतिहासकार फेतिस (१७८४–१८७१) याची वाद्ये सरकारने १८७२ मध्ये विकत घेतली. पाठोपाठ १८७६ मध्ये कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) यांनी सुमारे शंभर भारतीय वाद्ये राजा दुसरा लिओपोल्ड याला नजर केली.

पहिला अभिरक्षक व्हिक्तॉर-शार्ल माहियों (१८४१–१९२४) हा वाद्ये घडवणाऱ्या घराण्यातला. त्याने संग्रह ३,००० हून अधिक वाद्यांपर्यंत वाढवला. पण त्याचे खरे काम म्हणजे पाच खंडांची वर्णनात्मक सूची (१८८०–१९२२). युरोपात तोवर तंतुवाद्ये, फुंकवाद्ये व आघातवाद्ये अशी त्रयी रूढ होती. तीत टाळ आणि पखवाज एकाच घरात पडत. माहियोंने कंप कशाला सुटतो ते पाहिले: टाळात धातूच निनादतो, पखवाजात ताणलेले कातडे. तार आणि हवा धरून चार वर्ग झाले. नाट्यशास्त्रातील तत, अवनद्ध, घन, सुषिर हे वर्ग याच धर्तीचे, आणि टागोरांचा ‘यंत्रकोष’ हा बंगाली ग्रंथ १८७५ चा. माहियोंवर भारतीय मांडणीचा प्रभाव पडला असावा, असे सामान्यतः मानले जाते. तो किती, हा वादाचा मुद्दा. १९१४ मध्ये संगीतशास्त्रज्ञ हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी माहियोंच्या वर्गांवरच आपली दशांश पद्धतीची सारणी उभारली. ती जगभर वापरात आहे.

उल्लेखनीय वाद्ये: विंकेल याने १८२१ मध्ये ॲम्स्टरडॅमला बनवलेले ‘कॉम्पोनियम’ हे स्वयंचलित वाद्य. त्यात दोन रूळ आहेत. एक दोन मात्रागट वाजवतो, तेवढ्यात दुसरा मुका राहून बाजूला सरकतो किंवा जागीच राहतो. कौल फिरत्या चाकाचा. त्यामुळे एकाच धुनेची रूपे जवळजवळ अगणित निघतात. बढत म्हणावी तर नाही, पण ऐकणारा फसतो. सॅक्सोफोनचा जनक आडोल्फ साक्स याचीही अनेक वाद्ये येथे आहेत.

दालने: हेडफोन लावून वाद्यापुढे उभे राहिले की त्याचा आवाज ऐकू येतो.

इमारत: ‘ओल्ड इंग्लंड’ हे लोखंड व काचेने बांधलेले जुने दुकान (१८९९, वास्तुकार पॉल सेंतन्वा). संग्रहालय २००० पासून येथे. सोमवारी बंद.