हातांचा कंप आणि बोट्युलिनमची सुई

हात थरथरू लागला की कंपवात झाला, असा सर्रास समज आहे. वास्तविक कंपवातातील थरथर प्रामुख्याने हात स्वस्थ असताना दिसते. त्याहून अधिक आढळणारा ‘इसेन्शियल ट्रेमर’ हा विकार हात कामाला लागताच जाणवतो. कप तोंडाशी नेताना चहा सांडतो, धनादेशावरील सही बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी होते. त्यावर प्रथम प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन ही औषधे दिली जातात. सर्वांनाच ती पुरेशी लागू पडत नाहीत. दम्याच्या रुग्णांना तर प्रोप्रॅनोलॉल टाळावेच लागते. अशा वेळी बोट्युलिनम टॉक्सिनचा पर्याय पुढे येतो.

एका जिवाणूपासून मिळणारे हे विष दूषित डबाबंद अन्नातून पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचल्यास मात्र ते मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीनचा स्राव रोखते आणि तो स्नायू काही काळ शिथिल राहतो. सुरकुत्यांमुळे ‘बोटॉक्स’ हे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी.

कंपासाठी ही सुई मुख्यत्वे मनगट हलविणाऱ्या, कोपराखालील स्नायूंत देतात. योग्य स्नायू हुडकण्यासाठी ईएमजी किंवा सोनोग्राफीचे साहाय्य घेतले जाते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो व साधारण तीन महिने टिकतो. नंतर सुई पुन्हा घ्यावी लागते. मेंदूतील मूळ दोष तिने दूर होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. जो स्नायू थरथरतो, तोच पकडही देतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३३ रुग्णांवरील चाचणीत हात उचलून धरतानाचा कंप स्पष्टपणे घटला. परंतु रोजच्या कामांत तेवढा लाभ दिसला नाही आणि मात्रेनुसार हाताची शक्तीही कमी झाली. ही दुर्बलता तात्पुरती असते, तथापि कारागिराला वा वादकाला तीन महिनेही जड जातात. म्हणूनच अलीकडे सरसकट ठरावीक मात्रेऐवजी प्रत्येक रुग्णाचे स्नायू तपासून मात्रा ठरविण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे, आणि तो रास्त वाटतो. सुई देणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाला आपला व्यवसाय व कोणती बोटे अधिक लागतात, हे आधीच सांगावे.

मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायुविकार असल्यास किंवा गर्भावस्थेत हा उपचार सहसा टाळतात. सुईनंतर गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.