वंशावळींतील न लिहिलेले पूर्वज

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुन्या घराण्यांच्या वंशावळी पेटींतून बाहेर निघतात व त्यांतील कांहीं स्मरणिकेंत छापल्याही जातात. वसई व ठाणें-साष्टी प्रांतांतील आपल्या लोकांच्या वंशावळींत तीन गोष्टी वारंवार आढळतात. आमच्या मूळ पुरुषास खुद्द संत फ्रान्सिस झेवियर यांनीं बाप्तिस्मा दिला. आमचें आडनांव पोर्तुगीज, सबब रक्तही पोर्तुगीज. आणि आम्ही मूळचे ब्राह्मण. हें सर्व खोटें आहे असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें नाहीं. तें सिद्ध झालें आहे काय, एवढेंच विचारावयाचें आहे, व विचारणाऱ्यावर कोणीं रागावूं नये.

संत झेवियर वसईस आले होते हें निर्विवाद होय. त्यांचें निधन 1552 सालीं झालें. धर्मगुरूंनीं विवाहांचें पुस्तक ठेवावें व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्यांचीं नांवें लिहावींत, हा ट्रेंट येथील धर्मपरिषदेचा निर्बंध 1563 चा. म्हणजे ज्या पुस्तकांत त्या मूळ पुरुषाचें नांव असावयाचें, तें ठेवण्याचा सार्वत्रिक नियमच तेव्हां नव्हता. यामुळें दावा खोटा ठरत नाहीं, परंतु खराही ठरत नाहीं. शिवाय अशा वंशावळींत पणज्यापर्यंतचीं नांवें बिनचूक असतात, आणि तेथून एकदम संतांच्या काळीं उडी असते. पणज्याच्या बापाचा जन्म 1820 च्या सुमाराचा धरला व पिढीस तीस वर्षें दिलीं, तरी मध्यें नऊ पिढ्यांचीं माणसें नाहींशीं होतात. तीं जन्मलीं, नांदलीं, याच मातींत पुरलीं गेलीं. त्यांच्याविषयीं मात्र कोणीच चौकशी करीत नाहीं.

आडनांवाची गोष्ट याहून घोटाळ्याची आहे. बाप्तिस्मा घेणारास धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळे. त्यामुळें एकाच आळींतील दोन परेरा एकमेकांचे कोणी नसतात, व सख्ख्या भावांच्या वंशजांचीं आडनांवें भिन्न असूं शकतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे 1597 सालीं नागासाकी येथें हुतात्मा झाले व 1862 सालीं संतपदास चढले. एवढ्या थोर पुरुषाच्या मातापित्यांविषयींही एकवाक्यता नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींचा इंग्रजी कॅथॉलिक ज्ञानकोश पिता पोर्तुगीज व माता ‘कानडी’ असें सांगतो. पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावरील एतद्देशीयांसही तोच शब्द लावीत. दुसरे कित्येक लेखक उभयतांना याच भूमीचे मानतात. ‘गार्सिया’ या एका शब्दानें हा वाद मिटत नाहीं. मग आपल्या घराचा तो कसा मिटावा?

ब्राह्मणत्वाविषयीं इतकेंच, कीं सामवेदी समाजाच्या बोलीवरून व चालीरीतींवरून समाजाच्या मुळाचा कांहीं अंदाज बांधतां येईल. परंतु समाजाचा इतिहास म्हणजे एका घराची वंशावळ नव्हे.

कागद कां नाहींत, हेंही पाहिलें पाहिजे. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां गोरे धर्मगुरू गेले व अनेक देवळें ओस पडलीं. जेथें पुस्तकें वांचलीं तेथें पावसाळा आणि वाळवी यांनीं आपलें काम केलें. पुढें मुंबईंत 1794 पासून 1928 पर्यंत पाद्रोआदो व प्रोपागांदा अशा दोन धर्मसत्ता शेजारीं शेजारीं नांदल्या. तेव्हां आजोबांची नोंद एका दप्तरांत व नातवाची दुसऱ्या दप्तरांत असणें शक्य आहे. ‘नोंद नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं दोन्ही दप्तरें चाळावींत.

आणखी एक वर्ग आहे. पोर्तुगीज अमदानींत या किनाऱ्यावर गुलाम होते, त्यांत आफ्रिकेंतून आणलेलेही होते. त्यांनाही बाप्तिस्मा दिला जाई व त्यांची ओळख बापाच्या नव्हे, धन्याच्या नांवानें राही. आमच्या छापील वंशावळींत फिदाल्गो पुष्कळ भेटतात. गुलाम पूर्वज मात्र एकही भेटत नाहीं. ते सगळेच निर्वंश झाले काय?

ही चौकशी आतांच करण्याचें कारण असें, कीं स्मरणिकेंत छापलेलें वाक्य पुढच्या स्मरणिकेंत पुरावा म्हणून येतें. यास्तव घरच्या आख्यायिका अवश्य छापाव्यात, पण ‘आमच्या घरांत असें सांगतात’ या शब्दांनीं, आणि कोणीं सांगितलें, कोणत्या सालीं, हें लिहून. जेथें नांव ठाऊक नाहीं तेथें ओळ कोरी ठेवावी. तसेंच पुरुषांच्या नांवांबरोबर आज्या-पणज्यांचीं माहेरें, घरांचीं टोपणनांवें व कोणाचा धर्मपिता कोण, हेंही विचारून घ्यावें. यांपैकीं पुष्कळसें कोणत्याच पुस्तकांत नाहीं. तें ज्यांना तोंडपाठ आहे त्या आजीबाई आज ऐंशीं-नव्वदीच्या घरांत आहेत.